करडा रंग साधावा कसा?

रंगीत चित्र छापणें सोपें आणि काळें-पांढरें चित्र छापणें कठीण, असें विधान मी शिक्षक असतांना कोणी केलें असतें, तर मीं तें वदतोव्याघात म्हणून बाजूस सारलें असतें. ज्या यंत्राला हजारों छटा काढतां येतात, त्याला एक करडा रंग काढणें जड कां जावें? पण गेल्या वर्षांत आमच्या घरीं जो प्रकार घडला, त्यावरून माझी पुरती खात्री झाली कीं, रंगीत इंकजेट प्रिंटरची खरी परीक्षा मोराच्या पिसांत नाहीं, राखेच्या चिमटींत आहे. ज्या घरांत वाडवडिलांचीं जुनीं छायाचित्रें आहेत आणि टेबलावर एक प्रिंटर आहे, त्या घराला केव्हांतरी ही अडचण येणारच. म्हणून या महिन्याचें सदर तिलाच देत आहें.

आमचा जुना वाडा नव्या बांधणीसाठीं रिकामा करावयाचा ठरला. चार भावांचीं चार बिऱ्हाडें चार ठिकाणीं जाणार. भांडींकुंडीं, पाट, हंडे, फार काय देवांचे टाक, यांची वांटणी फारशी कुरकुर न होतां झाली. पण माजघरांतील आईच्या छायाचित्राशीं सर्वजण थांबले. आईचें एकटीचें असें हें एकच चित्र. १९५८ सालीं एका स्टुडिओंत काढलेलें. नऊवारी लुगडें, नाकांत नथ, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात. तें कोणाकडे जावें हा प्रश्न कोणीं उघड विचारला नाहीं, आणि म्हणूनच तो अधिक जड झाला. अखेर थोरल्या बंधूंच्या मुलानें तोड काढली. मूळ चित्र स्कॅनरवर घेऊन त्याच्या चार सारख्या प्रती छापाव्या, आणि प्रत्येक घरीं एक असावी.

त्याच रात्रीं त्यानें आपल्या प्रिंटरवर चकचकीत कागदावर चार प्रती काढल्या. माजघरांतल्या जुन्या पिवळ्या बल्बखालीं आम्ही त्या मूळ चित्राशेजारीं मांडून पाहिल्या. उत्तम साधल्या होत्या. आत्याबाई चष्मा पुसून म्हणाल्या, ‘हीच ती.’ झालें. चार चौकटी झाल्या आणि चार घरीं गेल्या.

पंधरा दिवसांनीं थोरल्या वहिनींचा निरोप आला. ‘भावोजी, तें चित्र मीं भिंतीवरून उतरवून ठेवलें आहे. एकदां येऊन जा.’ मी गेलों. चौकट कपाटांत, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली होती. वहिनी म्हणाल्या, ‘शेवटच्या आजारांत सासूबाई अशाच दिसत होत्या. रोज सकाळीं उठून मला तें पाहवत नाहीं.’ आमची आई काविळीनें गेली, आणि त्या दोन महिन्यांत तिचें सर्व वहिनींनीं केलें होतें. मीं चित्र खिडकीशीं नेलें. गालाच्या सांवलींत, हनुवटीखालीं, पिवळट हिरवी झांक स्पष्ट दिसत होती.

धाकट्या भावाचें म्हणणें निराळेंच. त्याच्या प्रतींत हिरवेपणाचा लेशहि नाहीं. उलट आई जराशी गुलाबी दिसते. नागपूरच्या भावानें आपल्या प्रतीचा फोटो फोनवरून पाठविला, तो तर निळसर. मग जें व्हावयाचें तेंच झालें. चांगली प्रत कोणीं उचलली आणि वाईट कोणाच्या वांट्यास आली, याची कुजबूज सुरू झाली. भांड्यांवरून जें भांडण झालें नाहीं, तें शाईवरून होणार असा रंग दिसूं लागला.

शिक्षकाला भांडण मिटवितां येतेंच असें नाहीं, पण प्रयोग मांडतां येतो. संक्रांतीस सर्वजण माझ्याकडे जमणार होते. येतांना प्रत्येकानें आपली प्रत चौकटींतून काढून आणावी असें मीं कळविलें. दुपारीं चारी प्रती उत्तरेच्या खिडकीशीं एका पांढऱ्या चादरीवर ओळीनें मांडल्या, आणि कोणती कोणाची हें न सांगतां प्रत्येकाला आपली ओळखावयास सांगितलें. कोणालाहि ओळखतां आली नाहीं. चारी सारख्याच हिरवट होत्या. मग त्यांतील एकच प्रत उचलून मीं घरभर फिरविली. देवघरांत जुना तारेचा बल्ब होता, तेथें ती निर्मळ करडी. बैठकींतल्या एलईडीच्या नळीखालीं किंचित गुलाबी. पुन्हां खिडकीशीं आणली तों हिरवी. मुलांनीं टाळ्या पिटल्या. मोठीं माणसें मात्र गप्प झालीं, कारण दोष कोणाच्याच वांट्यास आलेला नव्हता.

आतां याचें कारण पाहूं. घरगुती इंकजेट प्रिंटरमध्यें बहुधा चार शाया असतात : आकाशी झांकेची सायन, बायका जिला राणी रंग म्हणतात ती मजेंटा, पिवळी आणि काळी. करडी शाई त्यांत नसते. करडा रंग हवा असेल तेव्हां यंत्रापुढें दोन मार्ग असतात. पहिला असा कीं, काळ्या शाईचे बारीक थेंब विरळ शिंपडावे. म्हणजे कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा मिळून दुरून करडा भासतो. दुसरा असा कीं, सायन, मजेंटा आणि पिवळी या तिन्ही अशा प्रमाणांत घालाव्या कीं, कोणाचाच रंग वर येऊं नये. पहिल्या मार्गांत फिकट जागीं, म्हणजे नेमके कपाळावर आणि गालावर, काळे ठिपके रव्यासारखे दिसतात. म्हणून यंत्र बनविणारांचा कल दुसऱ्या मार्गाकडे असतो. फिकट आणि मध्यम छटा बहुतेक तीन रंगांतून काढावयाच्या आणि गडद भागांत काळीची मदत घ्यावयाची, अशी साधारण वांटणी असते.

त्यांत आणखी एक मेख आहे. अनेक घरगुती यंत्रांत काळी शाई पिगमेंट जातीची, म्हणजे पाण्यांत न विरघळणाऱ्या बारीक कणांची, असते. ती चकचकीत कागदावर नीट बसत नाहीं. म्हणून ‘फोटो पेपर’ अशी निवड करतांच तें यंत्र काळ्या शाईला बाजूस ठेवतें आणि काळेभोर केससुद्धां तीन रंगांच्या मिश्रणानें रंगवितें. आमच्या चारी प्रती अशाच छापल्या गेल्या होत्या. पुतण्यानें ‘ग्रेस्केल’ ही खूण केली होती, हें खरें. पण त्या शब्दावर फार विसंबूं नये. चित्रांतील रंग काढून टाकावे एवढाच त्याचा अर्थ असतो. रंगीत शाया वापरूं नयेत असा तो नव्हे.

सांख्यांनीं प्रकृति म्हणजे तीन गुणांची साम्यावस्था असें सांगितलें आहे. साम्य ढळलें कीं नाना रूपांची सृष्टि सुरू होते. करडा रंग हा तीन शायांच्या साम्यावस्थेसारखा आहे. जास्वंदीच्या चित्रांत मजेंटा थोडी अधिक पडली तर फूल जरा अधिक तांबडें दिसतें, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. तेवढीच मजेंटा करड्यांत अधिक पडली तर चेहऱ्याला गुलाल लागतो. मनुष्याचा डोळा करड्याजवळचा बारीकसा ढळ चटकन् पकडतो, आणि त्यांतहि आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तर फारच चटकन्.

परंतु साम्य साधलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. आमच्या प्रतींत तें साधलेलें होतें. मात्र एका दिव्याखालीं. काजळी इंद्रधनुष्यांतल्या सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारख्या प्रमाणांत गिळते. त्यामुळें काजळीचा करडा कोणत्याहि दिव्याखालीं करडाच राहतो. तीन शायांच्या करड्याची गोष्ट तशी नाहीं. प्रत्येक शाई प्रकाशाचा आपापला भाग गिळते, आणि त्या भागांच्या सीमांवर कोठें खड्डा तर कोठें उंचवटा राहून जातो. एका दिव्याखालीं हे खड्डे-उंचवटे परस्परांस फेडून टाकतात; दुसऱ्याखालीं फेडीत नाहींत. सूर्यप्रकाशांत सगळे रंग भरपूर असतात. तारेच्या बल्बांत तांबडा फार आणि निळा थोडा. एलईडीचा पांढरा प्रकाश हा मुळांत निळा असून त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या लेपाची जोड दिलेली असते. म्हणून त्यांत निळ्याचें एक तीक्ष्ण शिखर आणि त्यालगत आकाशी-हिरव्या भागांत एक घळ सांपडते. जुन्या ट्यूबलाइटमध्यें कांहीं निवडक रंगांचींच शिखरें असतात. दिवा बदलला कीं रंग बदलावा, या प्रकाराला छपाईच्या जगांत मेटामेरिझम असें नांव आहे.

स्फटिकाशेजारीं जास्वंद ठेवली असतां स्फटिक तांबडा दिसतो, हा जपाकुसुमाचा दृष्टांत मीं वर्गांत पुष्कळ वेळां सांगितला. स्फटिक तांबडा होत नाहीं, हें त्याचें तात्पर्य. आमच्या प्रतीहि एकमेकींहून निराळ्या झाल्या नव्हत्या. खोल्या निराळ्या होत्या. आणि नागपूरचा निळसरपणा तर खोलीचाहि नव्हता. फोनचा कॅमेरा पांढरें कोणतें हें आपल्याच अंदाजानें ठरवितो आणि सगळें चित्र त्या बाजूस ओढतो. तेव्हां छापील चित्राच्या रंगाचा निवाडा फोनवर आलेल्या फोटोवरून कधींहि करूं नये. किती घरांतले किती गैरसमज यामुळें टळतील!

शाईइतकाच कागदहि फसवा असतो. पांढऱ्या धोतराला नीळ द्यावी तशी बाजारांतल्या पुष्कळ फोटोकागदांना एक प्रकारची उजळण दिलेली असते. ती उन्हांतील न दिसणारे अतिनील किरण गिळून निळसर उजेड बाहेर टाकते. म्हणून असा कागद खिडकीशीं लख्ख निळसर-पांढरा दिसतो, आणि अतिनील किरण जवळजवळ नसलेल्या एलईडीखालीं मळकट होतो. म्हणजे ज्या पांढऱ्याच्या आधारें आपण करड्याची पारख करतों, तो पांढराच जागेवर राहत नाहीं. शिवाय या उजळणीचा जोर वर्षानुवर्षे उतरत जातो आणि कागद पिवळसर पडतो. जें चित्र नातवंडांपर्यंत जावें अशी इच्छा आहे, त्याला उजळण नसलेला, थोडा दुधाळ, मॅट कागद घ्यावा.

ही अडचण केवळ आमच्या घरची नव्हे. १९९१ सालीं गायक ग्रॅहम नॅश यांनीं कॅलिफोर्नियांतील मॅनहॅटन बीच येथें ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना काढला. छापखान्यांतील रंगीत कच्ची प्रत काढण्यासाठीं बनविलेला आयरिस नांवाचा अवजड इंकजेट प्रिंटर त्यांनीं कलाकृति छापण्याच्या कामास जुंपला, आणि त्यांना स्वतःला प्रथम छापावयाचीं होतीं तीं आपण काढलेलीं कृष्णधवल छायाचित्रेंच. जॉन कोन यांनीं पुढें निराळा मार्ग धरला. रंगीत शाया काढून त्यांच्या जागीं करड्याच्याच फिकट-गडद पायऱ्या भरावयाच्या, ही त्यांची ‘पायेझोग्राफी’. रॉय हॅरिंग्टन यांची ‘क्वाडटोन रिप’ ही संगणकप्रणाली एप्सनच्या कांहीं प्रिंटरांत कोणती शाई किती पडावी हें छापणाराच्या हातीं देते. मग यंत्र बनविणारेहि याच वाटेनें आले. २००५ सालच्या एप्सन आर२४०० मध्यें एक काळी आणि तिच्या दोन फिकट बहिणी अशा तीन शाया होत्या. २०११ सालच्या कॅनन पिक्स्मा प्रो-१ मध्यें तर बारांपैकीं पांच शाया काळ्या-करड्याच. या सर्वांचें तत्त्व एकच आहे : चित्राचा भार काळ्या-करड्या शायांनीं वाहावा, आणि रंगीत शाई पुरणांत जायफळ घालावें तेवढीच असावी. मुळींच नको असें मात्र नाहीं. कारण काजळी पातळ केली कीं तिला किंचित् तपकिरी झांक येते, ती मारण्यापुरता निळसरपणा लागतो.

या काळ्या शाईंतील कण बहुधा काजळीचेच, म्हणजे कार्बनाचे, असतात. काजळी आणि डिंक खलून केलेल्या शाईनें लिहिलेल्या आमच्या पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना काजळीचें महत्त्व सांगावयास नको. कागद पिवळा पडून कडा झडल्या तरी अक्षर काळेंच असतें. इतकें फिरून यंत्रविद्या पुन्हां काजळीपाशींच आली, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

आतां घरच्या साध्या चार शायांच्या प्रिंटरवर काय करतां येईल तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, शाईचीं छिद्रें मोकळीं आहेत कीं नाहींत हें पाहावें. प्रिंटरमध्येंच नोझल तपासण्याची सोय असते. ती पट्टी छापून एकहि रेघ तुटलेली नाहीं अशी खात्री करावी. रंगीत चित्रांत खपून जाणारा दोष करड्यांत लगेच उघडा पडतो. मजेंटा बंद पडली तर करडा हिरवा होतो, पिवळी बंद पडली तर निळा, आणि सायन बंद पडली तर तांबूस. तसेंच निराळ्या कारखान्याची स्वस्त शाई टाकींत भरली असेल तर जुनीं प्रमाणें लागू पडणार नाहींत, हें समजून चालावें.

दुसरी गोष्ट, मूळ चित्र स्कॅन करतांना तें रंगीत म्हणूनच घ्यावें आणि नंतर करडें करावें. जुन्या छायाचित्रावर पिवळे डाग पडलेले असतात. ते निळ्या वाहिनींत गडद दिसतात, तांबड्या वाहिनींत बहुतेक नाहींसे होतात. तेव्हां डागाळलेल्या चित्रासाठीं तांबडी वाहिनी निवडावी. उलट चित्रच फिकें पडून पिवळसर झालें असेल तर त्यांतील उरलासुरला उठाव निळ्या वाहिनींत अधिक मिळतो. दोन्ही पाहून मग ठरवावें. एकदां फाईल खरोखर करडी झाली म्हणजे पुढें छपाईंत दिसेल तो रंग प्रिंटरचा, चित्राचा नव्हे, इतकें तरी निश्चित होतें.

तिसरी गोष्ट, रंगांचा कारभार एकाच्याच हातीं असावा. चित्र उघडणारी प्रणाली एकदां रंग सुधारते, आणि प्रिंटरची प्रणाली तेच पुन्हां एकदां सुधारते. एकाच आमटींत दोघी सुनांनीं आपापलें मीठ घालावें तसा हा प्रकार होतो. हेतु दोघींचाहि चांगला, आमटी मात्र खारट. कागदासाठीं तयार केलेलें प्रोफाइल हाताशीं असेल तर कारभार चित्रप्रणालीकडे द्यावा आणि प्रिंटरमधील रंगसुधारणा बंद करावी. नसेल तर सर्व प्रिंटरवर सोंपवावें. कागदाची जातहि खरी तीच सांगावी, कारण किती शाई टाकावी हें यंत्र त्यावरूनच ठरवितें.

चौथी गोष्ट, चित्राच्या आधीं करड्याची शिडी छापावी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत शेंकडा ५ च्या अंतरानें २१ चौकोन करावे. छापल्यावर लगेच निवाडा करूं नये. एक रात्र वाळूं द्यावें, कारण ओल्या शाईचा रंग आणि वाळलेल्या शाईचा रंग एक नसतो. मग पाहावें. सगळ्या पायऱ्या सारख्याच हिरवट असतील तर मजेंटा थोडी वाढवावी. गुलाबी असतील तर ती कमी करावी. निळसर असतील तर पिवळी वाढवावी. पिवळट असतील तर पिवळी कमी करावी. प्रत्येक वेळीं एकच शाई, एकच पाऊल, आणि वहींत नोंद. मधल्या दोनचार पायऱ्यांवरच रंग दिसत असेल तर अशा सरसकट फेरफारानें तो जाणार नाहीं. त्यासाठीं त्या कागदाचें आणि त्या शाईचें नीट प्रोफाइल करून घ्यावें लागतें. आणि आडव्या रेघा दिसल्या तर पुन्हां पहिल्या गोष्टीकडे यावें.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच आम्हीं केली नव्हती. चित्र जेथें टांगावयाचें आहे तेथें, त्याच उजेडांत, सकाळीं आणि दिवेलागणीस असें दोनदां, शिडी पाहावी. छपाईचे जाणकार अशा पारखीसाठीं ५००० केल्विनचा ठराविक प्रकाश वापरतात. त्यांचें तें योग्यच आहे, परंतु आपल्या आईचें चित्र आपण प्रयोगशाळेंत टांगीत नाहीं. शिडीभोंवतीं पांढरा कागद धरावा, म्हणजे रंगीत भिंतीचा किंवा पडद्याचा परिणाम डोळ्यावर होत नाहीं.

आणि एवढें करूनहि एका खोलींत हिरवें आणि दुसरींत गुलाबी असें होत असेल, तर रंगीत शायांचा नाद सोडावा. मॅट कागद घ्यावा, आणि आपल्या प्रिंटरमध्यें ‘फक्त काळी शाई’ अशी सोय असेल तर ती वापरावी. कांहीं यंत्रांत साधा कागद निवडून ग्रेस्केल केलें तरच ती मिळते. ठिपके दिसतील; पण चित्र जितकें मोठें आणि जितक्या दुरून पाहावयाचें, तितके ते कमी जाणवतात. ज्यांना ठिपकेहि नकोत त्यांनीं करड्या शायांचा प्रिंटर असलेलें दुकान शोधावें, आणि दुकानदाराला ‘काळें-पांढरें छापतां का?’ असें न विचारतां ‘करड्या शाया किती आहेत?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नाला सगळेच होय म्हणतात. नेहमींच्या फोटो स्टुडिओंतील यंत्रहि बहुधा रंगीत कागदावर, तीन रंगांतूनच करडा काढतें, हें ध्यानांत असूं द्यावें.

आमच्या घरीं शेवटीं काय झालें तें सांगतों. पुतण्यानें दोन नमुने काढले. एक चकचकीत कागदावर, शिडीवरून खूप सुधारलेला, तीन रंगांचा. दुसरा मॅट कागदावर नुसत्या काळ्या शाईचा. पहिला मऊ आणि देखणा होता. दुसऱ्यांत जवळून पाहिलें असतां गालावर रवा दिसे. दोन्ही घेऊन मी वहिनींकडे गेलों आणि कांहीं न बोलतां त्यांच्या भिंतीवर टांचून आलों. चार दिवसांनीं विचारलें. वहिनी म्हणाल्या, ‘ठिपक्यांचें काय, भावोजी, आतां माझ्या डोळ्यांना ते दिसतहि नाहींत. पण हा दुसरा सकाळीं आणि रात्रीं एकच असतो.’

त्या एका वाक्यांत सगळें शास्त्र आलें. चारी प्रती पुन्हां काढल्या, नुसत्या काळ्या शाईनें, उजळण नसलेल्या कागदावर. या खेपेस कोणीं कोणाच्या घरीं जाऊन ताडून पाहिलें नाहीं, आणि फोनवर फोटोहि मागविला नाहीं. मूळ चित्राचा प्रश्न राहिला होता, तो धाकट्या भावानेंच सोडविला. ‘तें वहिनींकडेच असूं दे,’ तो म्हणाला, आणि सर्वांनीं मान डोलविली. वहिनींनीं तें उन्हांत न लावतां स्वच्छ कागदांत गुंडाळून कपाटांत ठेवलें, आणि भिंतीवर प्रत लावली.

एक शेवटची गोष्ट. मूळ चित्र गुंडाळण्यापूर्वीं मीं तें खिडकीशीं नेऊन नीट पाहिलें. तेंहि अगदीं करडें नव्हतें. रुप्याच्या क्षारांनीं केलेल्या त्या जुन्या कागदांना स्वतःची एक उबदार तपकिरी झांक असे, आणि साठाहून अधिक वर्षांत ती थोडी वाढलीहि असेल. तेव्हां निव्वळ करडा हाच एक आदर्श असा हट्ट मी धरीत नाहीं. कोणाला चित्र किंचित् तपकिरी हवें असेल, कोणाला किंचित् निळसर. पण ती झांक आपण निवडलेली असावी, दिव्यानें आपल्यावर लादलेली नसावी.

परवां सकाळीं वहिनींकडे गेलों होतों. ऊन खिडकींतून थेट भिंतीवर आलें होतें. आई होती तशीच होती.